विश्लेषण : जॅझ पियानोवादकाला स्वतःच्या नावाचा अल्बम का हवा असतो? धोबीतलाव ते लोअर परळ, मुंबईच्या ‘छोट्या बँड’ची गोष्ट

पियानो, बास, ड्रम आणि जोडीला एखादा सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट. चार-पाच वादक एका खोलीत जमतात, दोन-तीन दिवसांत आठ-दहा रचना वाजवतात आणि एका तरुण पियानोवादकाच्या नावाने अल्बम बाहेर येतो. न्यूयॉर्कमध्ये ही नित्याची बाब आहे. नव्या पियानोवादकाची खरी ओळख तिथे अशाच अल्बममधून होते.

मुंबईतही जॅझ नव्वद वर्षांहून अधिक काळ वाजतो आहे. या शहराने उत्तम पियानोवादक दिले. त्यांच्यापैकी एकाला तर थेट अमेरिकेतून बोलावणे आले. तरीही त्यांचे वादन आज ऐकायचे म्हटले, तर हाती फार थोडे लागते. दरवर्षी ३० एप्रिलला ‘आंतरराष्ट्रीय जॅझ दिन’ साजरा होतो, तेव्हा मुंबईच्या या वारशाची आठवण निघते. पण वारसा आठवणीत असणे आणि रेकॉर्डवर असणे, यात मोठा फरक आहे. तो समजून घेण्यासाठी आधी हा प्रकार काय आहे, ते पाहावे लागेल.

‘स्ट्रेट-अहेड’ जॅझ म्हणजे नेमके काय?

जॅझमध्ये अनेक उपप्रकार आहेत. रॉकचा ताल आणि इलेक्ट्रिक वाद्ये घेणारा फ्युजन, भारतीय रागांशी जोडलेला इंडो-जॅझ, ठरावीक चौकट मोडून वाजणारा फ्री जॅझ. ‘स्ट्रेट-अहेड’ म्हणजे यांपैकी कोणतीही वाट न धरता १९४० ते १९६० च्या दशकांत घडलेल्या मुख्य शैलीत सरळ पुढे जाणारा जॅझ.

तो ओळखण्याच्या तीन खुणा आहेत. पहिली, ‘स्विंग’. यात एका मात्रेचे दोन समान भाग न होता पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड पडतो. त्यामुळे तालाला झोका मिळतो. दुसरी, ‘वॉकिंग बास’. बासवादक प्रत्येक मात्रेला एक स्वर वाजवत, पावले टाकावीत तसा पुढे जात राहतो. तिसरी, ड्रमवादकाच्या ‘राइड’ झांजेवर सतत चाललेली लय. इथे वाद्ये बहुधा अकूस्टिक असतात. म्हणजे कीबोर्डऐवजी खरा पियानो आणि बास गिटारऐवजी माणसाच्या उंचीचा उभा ‘डबल बास’.

दादरच्या सभागृहात खयालाची मैफल ऐकणाऱ्याला हे फार परके वाटू नये. बंदिश चार ओळींचीच असते, पण गायक ती प्रत्येक मैफलीत वेगळी मांडतो. जॅझमधली मूळ धूनही तशीच छोटी असते. खरे वादन तिच्यानंतर सुरू होते. फरक एवढाच, की खयालात चौकट राग आणि तालाची असते, तर इथे ती ठरावीक क्रमाने बदलणाऱ्या कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची असते.

सहा मिनिटांच्या ट्रॅकमध्ये काय घडते?

थोडे गणित केले तर चित्र स्पष्ट होते. या शैलीतल्या असंख्य रचना ३२ बारच्या असतात. एका बारमध्ये साधारण चार मात्रा, म्हणजे एक आवर्तन १२८ मात्रांचे. ते आठ-आठ बारच्या चार भागांत विभागलेले असते. पहिला, दुसरा आणि चौथा भाग जवळपास सारखा, तिसरा वेगळा. हा तिसरा भाग आपल्या अंतऱ्यासारखे काम करतो.

लय मिनिटाला १६० मात्रांची धरली तर एक आवर्तन ४८ सेकंदांत संपते. अशी आठ आवर्तने म्हणजे ६ मिनिटे २४ सेकंद. समजा, पहिल्या आवर्तनात सगळे मिळून मूळ धून वाजवतात. पुढची तीन पियानोवादकाची, नंतरची दोन सॅक्सोफोनवादकाची. सातव्यात ड्रमवादक आणि इतर वादक चार-चार बारची देवाणघेवाण करतात. तमाशातल्या किंवा तबल्याच्या सवाल-जवाबाची आठवण यावी असा हा भाग असतो. आठव्यात पुन्हा मूळ धून आणि शेवट.

या आठ आवर्तनांपैकी कागदावर लिहिलेले असते ते फक्त पहिले आणि शेवटचे. मधली सहा त्या क्षणी सुचलेली. म्हणूनच तीच रचना, तेच वादक आणि तीच खोली असली तरी दुसऱ्या ‘टेक’मध्ये संगीत वेगळे होते.

बँड छोटाच का? पियानोवादकाचे काम काय?

पंधरा-सोळा जणांच्या ‘बिग बँड’मध्ये कोणी काय वाजवायचे, हे बहुतांशी लिहिलेले असते. नाहीतर गोंधळ होईल. तीन ते सहा जणांच्या ‘कॉम्बो’त मात्र एकाने वेगळा स्वर वाजवला तर बाकीचे त्याच क्षणी त्याला उत्तर देऊ शकतात. छोटा बँड हा परवडतो म्हणून असतोच, पण तो संवादासाठीही हवा असतो.

या संवादात पियानोवादकाची जबाबदारी दुहेरी असते. स्वतःची पाळी आली की उजव्या हाताने नवी सुरावट घडवायची. दुसरा वाजवत असेल तेव्हा मागे राहून कॉर्ड द्यायच्या. याला ‘कॉम्पिंग’ म्हणतात. हार्मोनियमचा साथीदार गायकाच्या मागोमाग जातो. कॉम्पिंग करणारा पियानोवादक मात्र मागे जातोच, शिवाय कधी पुढे ढकलतो, कधी मुद्दाम गप्प बसतो. नवा पियानोवादक कसा आहे हे जाणकार त्याच्या वेगावरून ठरवत नाहीत. इतरांच्या सोलोच्या वेळी तो काय करतो, तिकडे त्यांचे लक्ष असते.

अशी समज एका तालमीत येत नाही. त्याच चार जणांनी आठवड्यामागून आठवडे एकत्र वाजवावे लागते. हा मुद्दा मुंबईच्या गोष्टीत पुढे महत्त्वाचा ठरतो.

अल्बमला इतके महत्त्व का?

जे संगीत कागदावर उतरत नाही, ते रेकॉर्ड झाले नाही तर संपते. बाखची रचना तीनशे वर्षांनीही नोटेशन पाहून वाजवता येते. एखाद्या रात्री एखाद्या हॉटेलात झालेला पियानो सोलो परत आणता येत नाही.

तंत्रज्ञानाचाही यात वाटा आहे. लाखेच्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. वरच्या हिशेबाने ती चार आवर्तनेही होत नाहीत. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ‘एलपी’ बाजारात आणली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. लांब सोलो पहिल्यांदा घरोघरी पोहोचला. स्ट्रेट-अहेड जॅझचा सुवर्णकाळ आणि एलपीचा काळ एकच असणे हा योगायोग नाही.

दोन उदाहरणे पुरेशी आहेत. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ १९५९ मध्ये २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोनच दिवशी ध्वनिमुद्रित झाला. त्यातील बहुतेक रचनांवर पियानो होता बिल इव्हान्स यांचा. पुढे २५ जून १९६१ रोजी इव्हान्स यांच्या त्रिकुटाचे न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ क्लबमधले वादन ध्वनिमुद्रित झाले. त्यात मागे पेल्यांची किणकिण आणि लोकांची कुजबुजही ऐकू येते. त्यानंतर अकराव्या दिवशी त्रिकुटातील बासवादक स्कॉट लाफारो यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. ते त्रिकूट संपले. त्या दिवशी यंत्र सुरू नसते, तर त्या तिघांच्या संवादाचा कळस फक्त क्लबमधल्या त्या श्रोत्यांपुरता उरला असता.

मुंबईतल्या अनेक वादकांच्या बाबतीत नेमके हेच घडले. खोली होती, वादक होते, श्रोतेही होते. यंत्र सुरू नव्हते.

मुंबईत जॅझ पियानो आला कुठून?

१९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यापाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड हे शिकागोत नाव कमावलेले वादक. ते शांघायमार्गे भारतात आले आणि इथेच रमले. १९४५ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने त्यांचे निधन झाले.

या पाहुण्यांकडून शिकणारे इथले वादक प्रामुख्याने गोव्याचे होते. त्याला कारण आहे. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य नोटेशन शिकवले जाई. नोकरीच्या शोधात मुंबईला आलेले हे तरुण धोबीतलाव, गिरगाव, माझगाव भागांतील ‘कुडां’मध्ये, म्हणजे गावागावाच्या नावाने चालणाऱ्या सामायिक खोल्यांमध्ये राहत. १८६५ पासूनचे ‘फुर्ताडोस’ हे वाद्यांचे दुकानही धोबीतलाव परिसरातच. तिथून ऑपेरा हाऊस चालत पंधरा-वीस मिनिटांवर. तिथे प्रा. बी. आर. देवधरांच्या संगीत विद्यालयात खयालाचे शिक्षण चाले. एकाच गिरगावात एका टोकाला तानपुरा आणि दुसऱ्या टोकाला ट्रम्पेट असा तो काळ होता.

हळदोण्याचे अँतोनिओ झेवियर वाझ याच वातावरणात ‘चिक चॉकलेट’ झाले आणि मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले गेले. चर्चगेटच्या ॲम्बॅसेडर हॉटेलात पियानोवादक टोनी पिंटो यांचा बँड अनेक वर्षे वाजत असे. मात्र हॉटेलचा बँड हा मुख्यतः नाचणाऱ्यांसाठी असतो. पाहुण्यांना हवी ती गाणी वाजवायची आणि रात्र सरत आली की आपल्या मनासारखा जॅझ, अशी ती विभागणी होती.

डिझी साल कोण होते?

१९५८ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांच्या चौकडीला युरोप आणि आशियाच्या दौऱ्यावर पाठवले. शीतयुद्धाच्या काळात जॅझ हे अमेरिकेचे सांस्कृतिक अस्त्र होते. मुंबईत ब्रूबेक यांनी सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वादन केले. याच दौऱ्यात तुर्कस्तानच्या रस्त्यावर ऐकलेला नऊ मात्रांचा ताल त्यांनी पुढे ‘टाइम आउट’ या अल्बममध्ये वापरला.

याच मुक्कामात त्यांनी मुंबईतील एका तरुण पियानोवादकाला ऐकले. नाव एडवर्ड सलडाणा, पण सगळे त्यांना ‘डिझी साल’ म्हणत. ब्रूबेक प्रभावित झाले. पुढच्याच वर्षी डिझी साल शिष्यवृत्तीवर अमेरिकेत होते, बोस्टनच्या बर्कली संस्थेत. ऑगस्ट १९५९ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधील ‘लेनॉक्स स्कूल ऑफ जॅझ’च्या वर्गातही बसले. त्या वर्गात त्यांच्यासोबत ऑर्नेट कोलमन आणि डॉन चेरी हे विद्यार्थी होते. हे दोघे त्यानंतर काही महिन्यांतच जॅझची दिशा बदलणार होते. शिकवणाऱ्यांत ‘मॉडर्न जॅझ क्वार्टेट’चे जॉन लुईस होते आणि त्याच वर्षी ‘काइंड ऑफ ब्लू’वर वाजवलेले बिल इव्हान्सही.

म्हणजे १९५९ साली मुंबईचा एक पियानोवादक जगातल्या जॅझच्या अगदी मध्यभागी होता. कोलमन, चेरी आणि इव्हान्स ही नावे आज कुठल्याही म्युझिक ॲपवर टाकली की अल्बमची रांग लागते. डिझी साल हे नाव मुंबईतल्या जॅझ शिकणाऱ्या किती मुलांनी ऐकले असेल, हा प्रश्न आहे. प्रतिभेत किती अंतर होते, यावर वाद होऊ शकेल. पण वाद घालायलाही आधी ऐकायला काही हवे.

मग हे वादक गेले कुठे?

१९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा लागू झाला आणि हॉटेलांच्या रात्री ओसरू लागल्या. त्याच वेळी हिंदी चित्रपटसृष्टीला नोटेशन वाचणाऱ्या, कॉर्ड समजणाऱ्या वादकांची मोठी गरज होती. धोबीतलावचे वादक ताडदेवचे फिल्म सेंटर, महालक्ष्मीचा फेमस स्टुडिओ आणि दादरची बॉम्बे लॅब या वाटेने निघाले.

यात मराठी दुवा महत्त्वाचा आहे. सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र चितळकर यांनी चिक चॉकलेट यांना सोबत घेतले. १९५१ च्या ‘अलबेला’तील गाण्यांचा ठसका आठवून पाहा. त्यातला ट्रम्पेट आणि तालाचा झोका हॉटेलच्या बँडमधून आलेला आहे. महाराष्ट्रातल्या लाखो घरांनी जॅझ ऐकला तो असा, त्याचे नाव माहीत नसताना. लालबाग-परळच्या वराती-मिरवणुकांतल्या बँड पार्ट्यांनी हीच गाणी सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटवर वाजवली.

चित्रपटांनी या वादकांना पोट भरण्याइतके काम दिले. नाव मात्र दिले नाही. पडद्यावर संगीतकाराचे नाव येई, फार तर सहायकाचे. पियानोवर कोण बसले आहे, हे प्रेक्षकाला कळायचा मार्गच नव्हता. लुसिला पाशेको यांचे उदाहरण घ्या. पुरुषांनी भरलेल्या वाद्यवृंदात त्यांनी वर्षानुवर्षे पियानो आणि ऑर्गन वाजवला. त्यांचे बोट लागलेली गाणी आजही रोज वाजतात. पण त्यांचे नाव जॅझप्रेमींना ठाऊक आहे ते प्रामुख्याने एका एलपीमुळे.

ती एलपी म्हणजे १९६८ मध्ये आलेली शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’. तोडी, भैरव, मालकंस, कलावती अशा ११ रागांवर छोट्या बँडने केलेले वादन. रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरा यांचा ट्रम्पेट, लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम, एडी ट्रॅव्हास यांचा बास, रमाकांत यांचा तबला आणि पाशेको यांचा पियानो. ही काटेकोर अर्थाने स्ट्रेट-अहेड नाही, रागाकडे झुकलेली आहे. अल्बमवर मोठे नावही संगीतकार जोडीचेच आहे. तरी चित्रपटाच्या गर्दीत हरवलेले वादक इथे वेगवेगळे ऐकू येतात. एका अल्बमने काय वाचवता येते, याचा हा पुरावा आहे.

लुई बँक्स यांची वाट वेगळी कशी?

दार्जिलिंगला १९४१ मध्ये जन्मलेले पियानोवादक लुई बँक्स कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील ‘ब्लू फॉक्स’मध्ये वाजवत होते. आर. डी. बर्मन यांनी त्यांना मुंबईत आणले. इथे त्यांनी चित्रपट, असंख्य जाहिराती आणि १९८८ च्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’च्या संगीतासाठी काम केले. पण सोबत स्वतःचा जॅझ बँड कायम चालू ठेवला. २००८ मध्ये आलेल्या ‘माइल्स फ्रॉम इंडिया’ आणि जॉन मॅक्लॉफलिन यांच्या ‘फ्लोटिंग पॉइंट’ या दोन्ही अल्बमवर ते आहेत. दोन्ही एकाच वर्षी, एकाच गटात ग्रॅमीसाठी नामांकित झाले.

बँक्स यांना टिकायला मदत झाली ती मंचांची. १९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोबीतलावच्या रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ सुरू केली. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स आले. खुल्या रंगमंचासमोर हजारो मुंबईकरांनी जगातले अव्वल वादक ऐकले. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम कडक झाले. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन त्यात सापडले. नियम चुकीचा नव्हता. पण गेलेल्या मंचाच्या जागी तसा दुसरा उभा राहिला नाही.

आज अल्बम करण्यात अडचण कोणती?

रेकॉर्डिंग हा पूर्वी सर्वांत मोठा अडसर होता. आज लॅपटॉप, चांगला इंटरफेस आणि मोजके मायक्रोफोन असले की काम सुरू होते. तरी स्ट्रेट-अहेड अल्बमसाठी तीन अडचणी उरतातच.

पहिली अडचण पियानोची. पियानोत साधारण २३० तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण १५ ते २० टनांपर्यंत जातो. पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषते, साउंडबोर्ड फुगतो आणि सूर चढतो. हवा कोरडी झाली की उतरतो. समुद्राच्या खाऱ्या हवेने तारा गंजतात. त्यात उभा पियानोही दोनशे किलोंच्या आसपास किंवा त्याहून जड. गिरगावच्या चाळीच्या जिन्यातून तो वर नेणे म्हणजे एक मोहीमच. त्यामुळे बहुतेक विद्यार्थी कीबोर्डवर शिकतात आणि जिथे वाजवतात तिथेही कीबोर्डच असतो. चांगल्या स्थितीतला, नुकताच सुरात लावलेला ग्रँड पियानो असलेली खोली मिळवणे हीच शहरातली मोठी गोष्ट आहे.

दुसरी अडचण जागेची. गिरण्या गेल्यावर लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये डिसेंबर २००७ मध्ये ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झाला. संगीतासाठीच बांधलेली अशी जागा शहरात विरळा होती. २०१६ मध्ये तो बंद झाला. २०१३ मध्ये सन मिल कंपाउंडमध्ये ‘ट्रू स्कूल ऑफ म्युझिक’ आले आणि जॅझचे पद्धतशीर शिक्षण परळमध्ये मिळू लागले. २०१६ मध्ये ऑपेरा हाऊस नूतनीकरणानंतर उघडले आणि २०१८ मध्ये त्याच इमारतीत ‘द क्वार्टर’ हे जॅझसाठीचे दालन आले. एनसीपीएमध्येही जॅझचे कार्यक्रम होतात. पण एक कार्यक्रम आणि दर आठवड्याची ठरलेली बैठक यात फरक आहे. छोट्या बँडची समज घडते ती दुसऱ्या प्रकारात, आणि तशा जागेचे भाडे मध्य मुंबईत कोणाला परवडते, हा खरा प्रश्न आहे.

तिसरी अडचण ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीची. चित्रपटगीतात आज प्रत्येक वाद्य वेगळ्या दिवशी घेता येते आणि चूक झाली तर तेवढाच तुकडा बदलता येतो. स्ट्रेट-अहेड अल्बममध्ये सगळे एकाच वेळी वाजवतात. ड्रमचा आवाज पियानोच्या माइकमध्ये शिरतो. एकाची चूक पुसायला गेले तर दुसऱ्याचाही स्वर जातो. त्यामुळे पूर्ण टेक चांगला यावाच लागतो. त्यासाठी लागतो तो महिनोन्महिने एकत्र वाजलेला बँड. म्हणजे पुन्हा अडचण क्रमांक दोन.

कायदा काय सांगतो?

जुन्या लोकप्रिय रचना वाजवून अल्बम काढणे सोपे वाटते. पण भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३१-सी नुसार ‘कव्हर’साठी वैधानिक परवाना मिळतो. त्यासाठी दर कॅलेंडर वर्षाला किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी धरली जाते. शिवाय तांत्रिक गरजेपलीकडे मूळ रचनेत बदल करायचा नाही, अशी अट आहे. बदल करणे हाच ज्या संगीताचा प्राण आहे, त्याची यात पंचाईत होते. मूळ हक्कधारकाची थेट परवानगी घेणे हा दुसरा मार्ग. तरुण वादक स्वतःच्या रचना लिहितात, त्यामागे कलेबरोबर हे व्यावहारिक कारणही असते.

याच दुरुस्तीने वादकांच्या बाजूने एक गोष्ट केली. कलम ३८-बी ने वादकाला आपल्या वादनाशी आपले नाव जोडले जाण्याचा हक्क दिला. त्याच वर्षी आलेल्या कलम ३८-ए मध्ये व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीची तरतूद आहे. पाशेको यांच्या पिढीला यांतले काहीच नव्हते.

स्ट्रीमिंगमुळे सोपे झाले की अवघड?

दोन्ही. अल्बम जगभर पोहोचवायला आता कंपनीची गरज उरलेली नाही. मात्र स्पॉटिफायवर एखादा ट्रॅक ३० सेकंद वाजला की तो एक ‘स्ट्रीम’ मोजला जातो. वरच्या उदाहरणात ३० सेकंदांत फक्त २० बार होतात. मूळ धूनही संपलेली नसते, सोलो तर दूरच. लगेच मन वेधणाऱ्या संगीताच्या सोयीची ही मोजपट्टी आहे. शिवाय पडद्यावर ठळक दिसते ते मुख्य कलाकाराचे नाव. बासवर कोण, ड्रमवर कोण, हे शोधावे लागते. एलपीच्या पाठीवर ही नावे समोरच छापलेली असत.

उलट उदाहरणही आहे. न्यूयॉर्कचे पियानोवादक एमेट कोहेन यांनी २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदीत, हार्लेममधल्या आपल्या घरातून त्रिकुटाचे वादन थेट प्रसारित करायला सुरुवात केली. एक दिवाणखाना, एक पियानो, तीन वादक. पाहता पाहता जगभरातून लोक ते ऐकू लागले. शैली तीच, सत्तर वर्षांपूर्वीची. दर आठवड्याला एकत्र वाजवायची जागा मिळाली आणि यंत्र सुरू ठेवले, एवढाच फरक.

ऐकायला सुरुवात कशी करावी?

छोट्या बँडचा कोणताही ट्रॅक लावा आणि पहिल्यांदा फक्त बासकडे लक्ष द्या. चार-चार मात्रा मोजत ३२ बारचे आवर्तन कुठे संपते, ते पकडायचा प्रयत्न करा. सम सापडल्यासारखा आनंद होतो. दुसऱ्यांदा ऐकताना सॅक्सोफोनचा सोलो चालू असताना पियानोवादक काय करतो, ते ऐका. शक्यतो हेडफोन वापरा. फोनच्या स्पीकरवर बास जवळपास नाहीसा होतो आणि त्याच्याबरोबर अर्धे संगीतही.

शहरात कुठे तरुण पियानोवादक वाजवताना दिसला, त्याचा अल्बम निघाला, तर त्याच्यासोबतच्या बास आणि ड्रमवादकाचे नावही विचारून घ्या. १९५८ मध्ये डिझी सालना ऐकणारा डेव्ह ब्रूबेक होता, म्हणून निदान एवढी गोष्ट तरी आज सांगता येते. त्या काळात धोबीतलावच्या कुडांमधून रोज संध्याकाळी वाद्य घेऊन बाहेर पडणाऱ्या इतर अनेकांबद्दल तीही सांगता येत नाही.